कालचे किती आठवावे, किती विसरावे? वाळपईचा पाऊस, सत्तरीचा काजू आणि संगणकाचा अंदाज

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील दैनिकांच्या वाचकाची नजर एका छोट्या चौकटीकडे हमखास वळते. पणजी, म्हापसा, पेडणे, साखळी, वाळपई, फोंडा, सांगे, काणकोण अशी केंद्रांची नावे आणि त्यांच्यासमोर चोवीस तासांत पडलेल्या पावसाचे इंच. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वाळपईचा आकडा या चौकटीत बहुधा वरच्या क्रमांकावर असतो आणि सत्तरीकरांना त्याचे थोडे कौतुकही असते. आकडा वाचून होताच दुसरा विचार आपोआप सुरू होतो. गेल्या वर्षी या दिवसांत किती झाला होता? यंदा जुलै कसा जाईल? म्हादईचे पाणी कुठवर येईल?

असा विचार करणारा माणूस नकळत एक गणित मांडत असतो. त्याला कालचा पाऊस लख्ख आठवतो, गेल्या वर्षीचा बऱ्यापैकी आठवतो आणि दहा वर्षांपूर्वीचा धूसर आठवतो. अलीकडच्या अनुभवाला तो जास्त वजन देतो, जुन्याला कमी. पण जुने पूर्णपणे पुसून टाकत नाही. संख्याशास्त्रात याच मानवी सवयीला सूत्राचे रूप दिले गेले आहे. ‘एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग’ हे तिचे नाव. मराठीत ‘घातांकी मृदूकरण’ म्हणता येईल. नाव जड असले तरी पद्धत हलकी आहे. गोदामातील मालापासून विजेच्या मागणीपर्यंत ज्या ज्या ठिकाणी ठरावीक अंतराने आकडे नोंदले जातात, अशा ‘कालश्रेणी’चा पुढचा आकडा काढण्यासाठी ती जगभर वापरली जाते. आज ती एक्सेलमध्ये आहे, फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये आहे, ‘आर’, ‘पायथन’, ‘एसपीएसएस’ यांतही आहे. दोन बटणे दाबली की पडद्यावर भविष्याची रेघ उमटते. म्हणूनच त्या रेघेमागे काय दडले आहे, हे समजून घेणे गरजेचे झाले आहे.

उदाहरणासाठी पावसाआधी काजू घेऊ, कारण त्याचे गणित सोपे आहे. समजा, वाळपईजवळच्या एका बागायतदाराने सहा वर्षांचे काजूबियांचे उत्पन्न वहीत लिहून ठेवले आहे : १२, ११, १२, १०, ७ आणि ८ क्विंटल. (आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत.) सातव्या वर्षी किती बी हाती येईल?

साधी सरासरी काढली तर उत्तर येते १० क्विंटल. परंतु शेवटची दोन वर्षे पाहता हे उत्तर बागायतदाराला पटणार नाही. स्मूदिंगची रीत वेगळी आहे. पहिल्या वर्षाचा १२ हाच सुरुवातीचा अंदाज धरायचा. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्षात ११ आले, म्हणजे अंदाज एका क्विंटलने चुकला. ही चूक संपूर्ण मान्य करायची नाही आणि संपूर्ण नाकारायचीही नाही. तिचा ठरावीक हिस्सा तेवढा पदरात घ्यायचा. हा हिस्सा म्हणजे ‘आल्फा’. त्याची किंमत शून्य ते एक यांच्या दरम्यान असते. आल्फा ०.३ धरला तर नवा अंदाज १२ वजा ०.३, म्हणजे ११.७. तिसऱ्या वर्षी १२ आले, चूक अधिक ०.३, नवा अंदाज ११.७९. असे करत सहा वर्षे संपल्यावर सातव्या वर्षाचा अंदाज येतो सुमारे ९.४ क्विंटल. आल्फा ०.८ धरून तेच गणित पुन्हा केले तर उत्तर येते सुमारे ७.९.

आकडे तेच, रीत तीच, बदलला तो फक्त आल्फा. तरीही दोन उत्तरांत जवळपास दीड क्विंटलचे अंतर पडले. किलोला १५० रुपये भाव धरला, तर हा फरक सुमारे २२ हजार रुपयांचा होतो. पुढील हंगामाच्या भरवशावर कुणी उसनवारी करणार असेल, बाग लिलावाने घेणार असेल किंवा काजू उचलण्यासाठी माणसे आधीच ठरवणार असेल, तर त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

आल्फा म्हणजे नेमके काय, हे भार मोजले की स्पष्ट होते. आल्फा ०.३ असेल तर ताज्या वर्षाला ३० टक्के भार मिळतो, त्याच्या मागच्याला २१, त्याच्या मागच्याला १४.७, मग १०.३ टक्के. प्रत्येक पायरीवर भार ०.७ ने गुणला जातो. ही उतरंड कधीच शून्याला टेकत नाही, फक्त बारीक होत जाते. ‘घातांकी’ हे विशेषण त्यावरूनच आले. आल्फा ०.८ असेल तर ताज्या तीन वर्षांतच ९९ टक्क्यांहून अधिक भार संपतो. थोडक्यात, आल्फा हे विसरण्याच्या वेगाचे माप आहे.

मग हा वेग ठरवायचा कुणी? पूर्वी माणसे अनुभवाने ०.१, ०.२ असे काहीतरी धरीत. आता सॉफ्टवेअर तो शोधून देते. वेगवेगळे आल्फा धरून मागील वर्षांचे अंदाज काढायचे, प्रत्येक चुकीचा वर्ग करायचा आणि ज्या आल्फाने वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल तो निवडायचा. वरच्या उदाहरणात ०.३ साठी ही बेरीज सुमारे २६ येते, ०.८ साठी सुमारे १६.५, आणि आल्फा १ धरला तर नेमकी १६. म्हणजे संगणक एकच्या दिशेने झुकणार. आल्फा एक याचा अर्थ मागचे सगळे विसरा, गेल्या वर्षीचा आकडा हाच पुढच्या वर्षीचा अंदाज. सहा नोंदींवरून एवढा मोठा निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो. मात्र सॉफ्टवेअर तसे सांगून कुणाला अडवत नाही. सहा आकडे दिले तरी ते साठ आकडे दिल्याच्याच आत्मविश्वासाने उत्तर देते.

पाणबुडीपासून गोदामापर्यंत

या पद्धतीचा जन्म शेतीत किंवा हवामानशास्त्रात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात रॉबर्ट ब्राऊन हे अमेरिकी नौदलासाठी काम करणारे विश्लेषक पाणबुडीच्या जागेचा माग काढण्याच्या प्रश्नात गुंतले होते. लक्ष्य हलते आहे, मोजमापात चुका आहेत आणि प्रत्येक नवे मोजमाप हाती येताच अंदाज सुधारायचा आहे, असा तो प्रश्न होता. युद्धानंतर तीच कल्पना त्यांनी सुट्या भागांच्या साठ्याकडे वळवली. कोणत्या वस्तूला पुढच्या महिन्यात किती मागणी येईल हाही चुकांनी भरलेल्या मोजमापांतून माग काढण्याचाच प्रश्न होता. १९५९ साली त्यांचे पुस्तक आले. त्या काळच्या संगणकांची स्मरणशक्ती तुटपुंजी होती. हजारो वस्तूंचा जुना इतिहास साठवण्याऐवजी प्रत्येक वस्तूमागे एकच आकडा, म्हणजे शेवटचा अंदाज, जपून ठेवला तरी काम भागत असे. पद्धत लोकप्रिय होण्यात या काटकसरीचा वाटा मोठा होता.

याच सुमारास चार्ल्स होल्ट यांनी ‘कल’ म्हणजे सतत वाढण्याची किंवा घटण्याची प्रवृत्ती सूत्रात आणली. १९५७ चा त्यांचा अहवाल नियतकालिकात छापून यायला २००४ साल उजाडावे लागले. तोवर जगभर त्याचा वापर होऊन गेला होता. होल्ट यांचे विद्यार्थी पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये ऋतुचक्राची भर घातली. ‘होल्ट-विंटर्स’ हे जोडनाव आजही सॉफ्टवेअरच्या यादीत दिसते ते त्यामुळे.

रेघ वर जाते तेव्हा

कल मोजण्याची गरज काय, हे डिचोली आणि सत्तरीच्या खाणपट्ट्याइतके कुणाला ठाऊक नसेल. चीनच्या मागणीमुळे २००० नंतरच्या दशकात गोव्याची लोहखनिज निर्यात वाढत गेली आणि दशकाच्या अखेरीस ती वर्षाला चार कोटी टनांच्या पुढे पोहोचली. पिसुर्ले, होंडा, डिचोली, मये या भागांतील रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नसे. कर्ज काढून ट्रक घेतले गेले, बार्जेस बांधल्या गेल्या, गॅरेजे उघडली. त्या काळात कुणी निर्यातीचे वार्षिक आकडे होल्टच्या सूत्रात घातले असते तर पडद्यावर वर चढणारी सरळ रेघ उमटली असती. ट्रक घेणाऱ्याने सूत्र वापरले नव्हते; त्याने मनातल्या मनात तीच रेघ ओढली होती. बँकेनेही वेगळे काही केले नव्हते.

७ सप्टेंबर २०१२ रोजी न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये ती उठली तेव्हा वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा सोबत आली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने लीज नूतनीकरणे रद्द ठरवली आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सारे थांबले. यातील एकही तारीख निर्यातीच्या मागील आकड्यांत लपलेली नव्हती. न्यायालयाचा निकाल हा कालश्रेणीचा भाग नसतो, आणि स्मूदिंगला श्रेणीबाहेरचे काहीच दिसत नाही. खाणी बंद झाल्यावरही ट्रकांचे हप्ते मात्र श्रेणीप्रमाणेच, दर महिन्याला येत राहिले.

होल्टच्या सरळ रेघेचा हा दोष शास्त्रज्ञांच्या लक्षात आला होता. कोणतीही वाढ अनंतकाळ त्याच वेगाने चालत नाही. म्हणून एव्हरेट गार्डनर आणि एड मॅकेन्झी यांनी १९८५ मध्ये ‘मंदावणारा कल’ सुचवला. पहिल्या वर्षी कल पूर्ण धरायचा, दुसऱ्या वर्षी त्याचा, समजा, ९० टक्के हिस्सा, तिसऱ्या वर्षी ८१ टक्के. असे करत रेघ हळूहळू सपाट होते. लांबच्या अंदाजांत हा सावध मार्ग सरळ रेघेपेक्षा बहुधा कमी चुकतो, हे पुढे अनेक कसोट्यांत दिसून आले. काजूच्या उदाहरणाला तर तो फारच लागू पडतो. घटणारे उत्पन्न सरळ रेघेने पुढे नेले तर काही वर्षांत संगणक शून्याखालचे, म्हणजे उणे काजू दाखवू लागतो! मंदावणाऱ्या कलाने बंदी टळली नसती, हे उघड आहे. पण दहा वर्षांपुढची गगनाला भिडणारी रेघ तरी कागदावर उमटली नसती.

वाळपईचा फेब्रुवारी

आता पाऊस. ऋतुचक्र असलेल्या श्रेणीसाठी विंटर्सची पद्धत आहे. ती प्रत्येक महिन्याला एक गुणांक देते. हा गुणांक दोन तऱ्हांनी लावता येतो. बेरजेच्या तऱ्हेत ‘जुलै म्हणजे सरासरीपेक्षा अमुक इंच जास्त’ असे मांडले जाते. गुणाकाराच्या तऱ्हेत ‘जुलै म्हणजे सरासरीच्या इतके पट’ असे. पर्यटकांची संख्या, विजेचा खप, दुकानाची विक्री यांत एकूण पातळी वाढली की हंगामाचे चढउतारही मोठे होतात, तेथे गुणाकार शोभतो.

गोव्याचा मासिक पाऊस मात्र या दोन्ही तऱ्हांना हिसका दाखवतो. वर्षभरातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि जानेवारी, फेब्रुवारी बहुतेक वर्षी कोरडे जातात. मासिक तक्त्यात शून्यांची रांग लागते. गुणाकाराच्या तऱ्हेत आकड्यांना गुणांकाने भागावे लागते आणि शून्याशी भागाकार जुळत नाही. ‘आर’मधील ‘होल्टविंटर्स’ हे फंक्शन अशा वेळी काम थांबवून श्रेणीत शून्य चालणार नाही असे सांगते. वापरणारा मग बेरजेकडे वळतो. तेथे कुणी अडवत नाही, पण एखाद्या कमी पावसाच्या वर्षानंतर पातळी खाली आली की फेब्रुवारीचा अंदाज उणे येतो. वाळपईत फेब्रुवारी महिन्यात उणे अर्धा इंच पाऊस! एक्सेलचे ‘फोरकास्ट.ईटीएस’ तर बेरजेच्याच तऱ्हेवर बांधलेले आहे, त्यामुळे तेथे ही गंमत पाहायला मिळू शकते. नवख्या माणसाला ही चूक सापडते, कारण उणे पाऊस डोळ्याला खुपतो. जुलैचा आकडाही त्याच कारणाने थोडा सरकलेला असतो. तो मात्र कुणाला खुपत नाही.

यातून निघण्याचे मार्ग साधे आहेत. कोरडे महिने बाजूला ठेवून जून ते सप्टेंबर एवढ्याच नोंदींची श्रेणी करावी आणि वर्षाला बाराऐवजी चार कालखंड असे सॉफ्टवेअरला सांगावे. किंवा प्रत्येक आकड्यात एक मिळवून त्याचा लॉगॅरिदम घ्यावा, अंदाज काढावा आणि उलट रूपांतर करावे. रोजच्या पावसाची श्रेणी ३६५ दिवसांच्या ऋतुचक्रासह सरळ घालण्याच्या फंदात मात्र पडू नये. ‘आर’मधील ‘ईटीएस’ फंक्शन चोवीसपेक्षा जास्त लांबीचे ऋतुचक्र हाताळतच नाही.

शून्याचा आणखी एक घोळ आहे आणि तो अधिक धोक्याचा आहे. पाऊस पडला नाही म्हणून लिहिलेले शून्य आणि नोंद झालीच नाही म्हणून राहिलेली रिकामी जागा या दोन गोष्टी भिन्न आहेत. तक्ता टंकताना रिकाम्या जागी शून्य घालण्याची सवय अनेकांना असते. एक्सेलमध्ये याबाबत स्वतंत्र पर्याय आहे : काहीच न सांगितल्यास सॉफ्टवेअर रिकामी जागा शेजारच्या आकड्यांवरून भरते, सांगितल्यास तेथे शून्य धरते. तीस टक्क्यांपर्यंत नोंदी गहाळ असल्या तरी ते काम चालवून नेते. जुलैतील एका गहाळ नोंदीच्या जागी शून्य पडले तर त्या वर्षीचा जुलैच नव्हे, पुढचे अनेक जुलै खाली ओढले जातात. जोडीला एककांचा गोंधळ आहेच. हवामान खात्याच्या नोंदी मिलीमीटरमध्ये असतात, गोव्यातील वृत्तपत्रे इंच छापतात. एका इंचात २५.४ मिलीमीटर. शिवाय रोजचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो, म्हणजे २३ तारखेच्या नोंदीत २२ तारखेचा बराचसा दिवस येतो. निरनिराळ्या ठिकाणांहून आकडे गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली चूक बहुधा येथेच होते.

ऋतुचक्र मोजणारे सूत्र इंग्रजी महिने ओळखते, पंचांग ओळखत नाही. चवथीच्या आधी सत्तरीतील माणसे रानातून माटोळीचे सामान आणून बाजारात बसतात. त्या आठवड्यातील उलाढालीवर अनेक घरांचा सण निभावतो. २०२२ मध्ये चवथ ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मासिक विक्रीचे आकडे जसेच्या तसे विंटर्सच्या सूत्रात घातले तर ऑगस्ट आणि सप्टेंबर यांचे गुणांक दरवर्षी एकमेकांचे पाय ओढतील आणि अंदाज दोन्हीकडे चुकेल. अशा श्रेणीत महिन्यांऐवजी ‘चवथीपूर्वीचा कितवा आठवडा’ अशी मोजणी करावी. हे कोणतेही सॉफ्टवेअर स्वतःहून सुचवणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ही पद्धत पुढच्या वर्षीचा मान्सून सांगू शकेल का? वार्षिक पावसाची श्रेणी दिली तर सॉफ्टवेअर सहसा शून्याच्या जवळचा आल्फा निवडते. याचा अर्थ असा की यंदा धो धो कोसळला यावरून पुढच्या वर्षाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. दीर्घकालीन सरासरी हाच उत्तम अंदाज. काजूच्या भावासारखी श्रेणी दिली तर उलट, आल्फा एकच्या जवळ जातो : आजचा भाव हाच उद्याचा अंदाज. बी आज विकावे की महिनाभर ठेवावे या प्रश्नाला येथून उत्तर मिळत नाही आणि मिळते असे सांगणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे. आल्फा ही केवळ गणिताची खुंटी नसून, त्या गोष्टीला स्वतःला किती स्मृती आहे याची ती चाचणी आहे. पावसाला गेल्या वर्षाची आठवण नसते. बाजाराला कालखेरीज दुसरी आठवण नसते. मधली उत्तरे देणाऱ्या श्रेणी, म्हणजे पाणीपुरवठा, विजेची मागणी, बसचे प्रवासी, दुधाचे संकलन, या पद्धतीचे खरे क्षेत्र आहेत.

हवामान खात्याचा हंगामी अंदाज म्हणूनच मागील पावसावर विसंबत नाही. तो समुद्राचे तापमान, वाऱ्यांची स्थिती अशा बाहेरच्या घटकांवर उभा असतो. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे १९८८ पासून वापरात आलेले प्रसिद्ध प्रतिमान सोळा घटकांचे होते. २००२ च्या जुलैत देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला; तो दुष्काळ या प्रतिमानाला दिसला नाही आणि २००३ मध्ये नवी प्रतिमाने आली. तेव्हा घटक वाढवले की अंदाज सुधारतोच असेही नाही. स्पायरोस मॅक्रिडाकिस यांनी १९८२ मध्ये १,००१ कालश्रेणींवर निरनिराळ्या पद्धतींची स्पर्धा लावली, तेव्हा साध्या स्मूदिंगने क्लिष्ट पद्धतींच्या बरोबरीने टिकाव धरला. २०१८ च्या चौथ्या स्पर्धेत एक लाख श्रेणी होत्या. पहिला क्रमांक पटकावणाऱ्या स्लावेक स्मिल यांच्या पद्धतीत कृत्रिम न्यूरल जाळ्याच्या जोडीला हेच जुने स्मूदिंग होते.

पट्टा पाहावा, रेघ नव्हे

रॉब हिंडमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या सर्व प्रकारांना एकाच चौकटीत बसवले. चूक, कल आणि ऋतुचक्र या तिन्हींचे पर्याय जुळवून सॉफ्टवेअर योग्य प्रकार निवडते. ‘ईटीएस’ हे नाव या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे. या कामाचा मोठा लाभ असा की अंदाजाच्या रेघेभोवती अनिश्चिततेचा पट्टा काढण्याला भक्कम आधार मिळाला. ९५ टक्क्यांचा पट्टा म्हणजे प्रतिमान बरोबर असेल तर शंभरातील सुमारे ९५ प्रत्यक्ष आकडे त्यात पडावेत. जसजसे पुढे जावे तसा तो सहसा रुंदावतो. दुर्दैवाने अहवालात छापली जाते ती मधली रेघ. पट्टा जागेअभावी गाळला जातो.

पण पट्ट्यालाही मर्यादा आहे. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईला पूर आला आणि सत्तरीत घरे, बागायती पाण्याखाली गेल्या. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे तेव्हा सांगितले गेले. मासिक पावसाच्या श्रेणीला असा एक दिवस दिसत नाही. महिन्याची बेरीज तीसही दिवसांत सारखी वाटली गेली की दोन रात्रींत कोसळली, हे तिच्या लेखी एकच. पुरासाठी तासातासाचा पाऊस, नदीची पातळी आणि धरणातील साठा पाहणारी वेगळी यंत्रणा लागते.

दुसरे उदाहरण आरोग्याचे. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले. त्याआधीची गोव्यातील श्रेणी शून्यांचीच होती आणि शून्यांचे कितीही मृदूकरण केले तरी पुढचा अंदाज शून्यच. साथ आल्यानंतर मात्र पद्धतीचा थोडा उपयोग होतो, कारण हा आजार हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे लोक काजूसाठी रानात जातात त्याच दिवसांत, डोके वर काढतो. सर्पदंशावरील लसीसारख्या, कधी लागणाऱ्या तर कधी महिनोन्‌महिने न लागणाऱ्या औषधांसाठी जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये वेगळी युक्ती सुचवली : गरज पडली तेव्हा किती लागले आणि दोन गरजांत किती काळ गेला, या दोन श्रेणींचे स्वतंत्र मृदूकरण करायचे. त्यातून सरासरी गरज कळते. आरोग्य केंद्रात साठा मात्र सरासरीइतका ठेवून चालत नाही. ज्या रात्री दोन रुग्ण एकदम येतात त्या रात्रीइतका ठेवावा लागतो.

हे सारे लक्षात घेऊन पद्धत वापरायची ठरवली तर कामाची रीत फार अवघड नाही. आधी आकड्यांचा आलेख काढून नुसत्या डोळ्यांनी पाहावा. मासिक श्रेणी असेल तर किमान दोन पूर्ण वर्षे लागतातच, पण चार-पाच असल्याशिवाय गुणांकांवर विसंबू नये. शेवटचे वर्ष झाकून ठेवावे, आधीच्या वर्षांवरून त्याचा अंदाज काढावा आणि मग झाकण उघडून ताडून पाहावे. याच परीक्षेला ‘गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढे झाले तेवढेच’ हा बिनखर्चाचा अंदाजही बसवावा. सॉफ्टवेअर त्याच्यापेक्षा कमी चुकत नसेल तर ते बंद करावे. ही कसोटी टाळली जाते, कारण तिचा निकाल अनेकदा लाजिरवाणा असतो.

अंदाज काढून झाला की तारीख घालून वहीत लिहावा, आणि प्रत्यक्ष आकडा आला की चूक त्याच्यासमोर नोंदवावी. चुका कधी अधिक, कधी उण्या येत असतील तर प्रतिमान ठीक चालले आहे. त्या एकाच बाजूला पडू लागल्या की श्रेणी बदलली असे समजावे. डी. डब्ल्यू. ट्रिग यांनी १९६४ मध्ये यासाठी इशारा देणारे एक गुणोत्तर मांडले. त्याचे साधे रूप असे : चुकांची बेरीज भागिले चिन्ह न पाहता केलेली चुकांची बेरीज. उत्तर शून्याजवळ असेल तर ठीक, एक किंवा उणे एकच्या जवळ गेले तर धोका. सुरुवातीच्या काजूच्या उदाहरणात, आल्फा ०.३ असताना, पाच चुकांपैकी चार उण्या आहेत आणि गुणोत्तर येते उणे ०.९४. आल्फा ०.८ केला तरी ते उणे ०.६९ राहते. बागेत काहीतरी बदलले आहे एवढे ते सांगते. झाडे म्हातारी झाली, मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस पडला की ढेकण्या पडला, हे पाहायला वही मिटून बागेत जावे लागते.